वर्गाच्या ग्रुपवरचे व्हॉइस मेसेज: साथीच्या काळात आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट

परत कधी कोविडसारखी साथ आली आणि शाळा एका रात्रीत बंद झाल्या तर कुठलं अॅप घ्यायचं, असं मला बरेच नवीन शिक्षक विचारतात. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो कारण त्यांना काहीतरी भारी नाव अपेक्षित असतं. मी सांगते व्हॉट्सअॅपचा व्हॉइस मेसेज. माईकचं बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं, झालं. मी माध्यमिकच्या वर्गांना विज्ञान शिकवते आणि त्या काळात झूम, गूगल मीट, गूगल क्लासरूम, रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, सगळं वापरून झालंय, त्यामुळे हा रिव्ह्यू चार दिवस वापरून लिहिलेला नाही. आणि फक्त शिकवण्याबद्दल पण नाही, कारण त्या दिवसात शिकवणं हे अर्धंच काम होतं. पोरं घाबरलेली होती, आम्ही पण घाबरलेलो होतो आणि एकमेकांना धरून राहणं हे उरलेलं अर्धं काम होतं, त्या कामासाठी हे फीचर कसं आहे ते सांगते.

आधी थोडं तेव्हाचं चित्र, कारण आता विसरायला होतं. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही महासाथ आहे असं म्हटलं आणि पुढच्या काही आठवड्यात युनेस्कोच्या हिशोबाने १९० पेक्षा जास्त देशातले जवळजवळ १६० कोटी विद्यार्थी शाळा-कॉलेजच्या बाहेर होते. सगळे धावत व्हिडिओवर गेले. झूमवर डिसेंबर २०१९ मधे दिवसाला साधारण १ कोटी लोक मीटिंगला असायचे, एप्रिल २०२० मधे तो आकडा ३० कोटीवर गेला, आणि त्यांनी बऱ्याच देशातल्या शाळांसाठी चाळीस मिनिटांची मर्यादा काढून टाकली होती ही खरंच मोठी मदत होती, ती मान्य करायलाच हवी. पण त्याच वर्षी ऑगस्टमधे युनिसेफने सांगितलं की जगातल्या किमान ४६.३ कोटी मुलांपर्यंत दूरचं शिक्षण पोचलंच नाही, म्हणजे शाळा बंद झालेल्या मुलांपैकी जवळपास एक तृतीयांश. माझ्या वर्गात पण रोज व्हिडिओवर जेवढी नावं दिसायची त्यापेक्षा न दिसणारीच डोक्यात फिरत राहायची. ही पोरं कुठे आहेत, बरी आहेत ना, घरात कोणी आजारी आहे का.

आणि ती बरीचशी सापडली ती व्हॉइस मेसेजमधे.

कारण साधं आहे. व्हिडिओचा एक तास म्हणजे अर्धा जीबी तरी जातो, क्वालिटी चांगली ठेवली तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. मिनिटभराचा व्हॉइस मेसेज म्हणजे शंभर-दोनशे केबी. नेट रडतखडत चालत असलं तरी तो जातो, आणि आत्ता गेला नाही तर नेट आल्यावर आपोआप जातो, परत पाठवायला लागत नाही. पण माझ्या मते डेटापेक्षा मोठा मुद्दा वेळेचा आहे. बऱ्याच घरात फोन एकच, तो दिवसभर आईकडे किंवा बाबांकडे, वर तीन भावंडांचे तीन वर्ग एकाच वेळी. लाईव्ह क्लास सकाळी दहाला असेल आणि फोन हातात रात्री नऊला येत असेल तर त्या मुलासाठी तो क्लास झालाच नाही. व्हॉइस मेसेज थांबून राहतो. रात्री नऊला ऐका, पहाटे ऐका, समजलं नाही तर तोच भाग मागे नेऊन परत ऐका. वर्गात हात वर करून "मॅडम परत सांगा" म्हणायला लाजणारी पोरं तेच वाक्य किती वेळा ऐकत असतील ते मला कळत पण नाही आणि कळायची गरज पण नाही.

दुसरं म्हणजे चेहरा दाखवावा लागत नाही. व्हिडिओ कॉलने माणूस एवढा का थकतो यावर स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ मधे लिहिलं होतं, की सतत इतक्या जवळून इतक्या लोकांचे डोळे आपल्यावर, वर स्वतःचाच चेहरा समोर, एका जागी जखडून बसायचं आणि हावभाव ओळखायला मेंदूला डबल मेहनत. मोठ्या माणसांचं हे, तर तेरा-चौदा वर्षाच्या पोरांचं काय होत असेल, ज्यांना स्वतःच्या चेहऱ्याचीच आधी कटकट असते आणि मागे घर कसं दिसतंय त्याची त्याहून जास्त. कॅमेरा बंद ठेवणाऱ्या मुलांवर ओरडणारे शिक्षक मी पाहिलेत, मला ते कधीच पटलं नाही. आवाजात माणूस पूर्ण असतो पण उघडा पडत नाही.

एक उदाहरण देते, थोडे तपशील बदलून. वर्गातली एक मुलगी, एरवी सगळ्यात आधी गृहपाठ देणारी, अचानक गप्प. लेखी मेसेजला उत्तर "हो मॅडम" एवढंच. मी तिला म्हटलं की लिहू नकोस, बोलून पाठव, काहीही. रात्री उशिरा मेसेज आला. सुरुवातीला नुसता पंख्याचा आवाज आणि लांब कुठेतरी खोकला. मग ती एकदम भरभर बोलायला लागली की गणितं झाली नाहीत, वही सापडत नाहीये, भाऊ त्रास देतोय, आणि मग मधेच थांबली, चांगली पाच-सहा सेकंद थांबली, आणि म्हणाली, "मॅडम, बाबांना काल नेलं." बस एवढंच आणि मेसेज संपला. हे तिने कधीच टाईप केलं नसतं. टाईप केलेलं माणूस खोडतो. व्हॉइस मेसेजमधे बटण डावीकडे सरकवलं तर रेकॉर्डिंग रद्द होतं हे तिला चांगलं माहीत होतं, तरी तिने ते जाऊ दिलं. आणि ते पाच-सहा सेकंद, जे लिहिण्यात आलेच नसते आणि व्हिडिओत मी गडबडून काहीतरी बोलून भरून टाकले असते, त्यातूनच मला कळलं की आता उत्तर गणिताचं द्यायचं नाहीये.

आता उत्तर काय द्यायचं हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाला पडतो, आम्ही काही समुपदेशक नाही. मला इथे जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका फार उपयोगी पडली, तिचा गाभा तीन गोष्टींचा आहे, बघा, ऐका, जोडून द्या. म्हणजे माणूस कुठल्या अवस्थेत आहे ते बघा, बोलायची जबरदस्ती न करता ऐका, आणि ज्याची गरज आहे त्या मदतीशी त्याला जोडून द्या. खोटी आश्वासनं देऊ नका हे त्यात स्पष्ट आहे. त्यामुळे मी "सगळं ठीक होईल" म्हटलं नाही कारण ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बाळा, मी ऐकलं. पूर्ण ऐकलं. गणितं राहू देत. आत्ता तुझ्याजवळ घरात कोण मोठं आहे, ते मला सांग." मग तिच्या मावशीशी बोलणं झालं, शाळेच्या समुपदेशक बाईंना तिच्या आणि मावशीच्या परवानगीने सांगितलं. बाबा बरे होऊन आले. सगळ्यांच्या घरी असं झालं नाही. एप्रिल २०२१ पर्यंत जगात १५ लाखांपेक्षा जास्त मुलांनी आई, वडील किंवा सांभाळणारे आजी-आजोबा गमावले असा अंदाज लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. अशी मुलं बऱ्याच वर्गात असणार आणि त्यांच्या शिक्षकांपैकी कितीजणांनी ते पहिल्यांदा फोनच्या स्पीकरमधून ऐकलं असेल.

उत्तर देताना स्वतःचा आवाज स्थिर ठेवता येतो हा पण मोठा फायदा. मी आधी ऐकायचे, पाणी प्यायचे, मग रेकॉर्ड करायचे. नीट नाही आलं तर रद्द, परत रेकॉर्ड. समोरासमोर ही सोय नसते.

विज्ञान शिकवायला पण हे चालतं, फक्त दोन मिनिटांच्या वर जायचं नाही. सगळ्यात जास्त चाललेला माझा मेसेज साबणावरचा होता. एका मुलाने विचारलं होतं की मॅडम एवढा जगभर हाहाकार माजवणारा व्हायरस साध्या साबणाने कसा मरतो, घरातले म्हणतात महागडं काहीतरी लागतं. मी सांगितलं की या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं, साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं चरबीला, ते दुसरं टोक त्या आवरणात घुसतं आणि आवरण फुटतं, म्हणून वीस सेकंद चोळायचं, त्याला वेळ लागतो, आणि म्हणून नुसतं पाणी पुरत नाही. हा मेसेज पोरांनी घरच्यांना ऐकवला, आज्यांनी ऐकला, एकाने तर मागच्या मागे आजीचा प्रश्न रेकॉर्ड करून पाठवला की मग कपड्यांचं काय. लिहिलेली नोट आजीपर्यंत पोचली नसती.

आता उलट बाजू, जी मला या सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते आणि जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पोरांनी आम्हाला सांभाळलं. स्क्रीन शेअर कसं करायचं, बॅकग्राऊंडचा आवाज कसा कमी करायचा हे तर शिकवलंच, आणि कुणीही हसलं नाही, वयाने मोठे असलेले आमचे एक सर लाईव्ह क्लासला अक्षरशः थरथरायचे, त्यांना दोन मुलांनी रोज क्लासच्या आधी पायरी-पायरीने व्हॉइस मेसेज पाठवून तयार केलं, "सर, आता खाली उजवीकडे हिरवं बटण दिसतंय का, ते दाबा, घाई नाही." हे "घाई नाही" त्या पोरांनी सरांकडूनच उचललं होतं, वर्गात ते प्रत्येकाला हेच म्हणायचे.

आणि मी स्वतः आजारी पडले तेव्हा वर्ग बंद पडला नाही. मी फक्त एवढंच टाकलं होतं की ताप आहे, काही दिवस आवाज निघणार नाही. पोरांनी आपापसात धडे वाटून घेतले आणि एकेकाने एकेक मुद्दा समजावून ग्रुपवर टाकला, चुका होत्या, मधे खिदळणं होतं, पण बर्फ पाण्यावर का तरंगतो हे एका मुलाने माझ्यापेक्षा सोपं सांगितलं हे मी मनापासून म्हणते. शेवटी प्रत्येकजण म्हणायचा, मॅडम तुम्ही उत्तर देऊ नका, नुसतं ऐका. मेसेजच्या माहितीत ऐकलेल्यांच्या यादीत माझं नाव दिसायचं, त्यांना तेवढंच पुरत होतं की मॅडमनी ऐकलं, म्हणजे मॅडम आहेत. मी ते सगळे मेसेज स्टार करून ठेवलेत.

आता तोटे, आणि ते बरेच आहेत.

पहिला आणि सगळ्यात गंभीर म्हणजे ज्या मुलाला ऐकू येत नाही किंवा कमी येतं त्याच्यासाठी हे सगळं बंद दार आहे. बोललेलं लिहून दाखवणारं ट्रान्सक्रिप्टचं फीचर २०२४ च्या शेवटी आलं, तेही काही मोजक्या भाषांपासून सुरू, साथीच्या वेळी ते नव्हतं. त्यामुळे वर्गात असं एक जरी मूल असेल तर प्रत्येक व्हॉइस मेसेजखाली दोन-चार ओळी टाईप करायच्याच, कंटाळा करायचा नाही. याचा फायदा बाकीच्यांना पण होतो कारण व्हॉइस मेसेजमधे शोधता येत नाही, "ते घनतेचं कुठे होतं" म्हणून पोरं वर-खाली स्क्रोल करत बसतात.

दुसरा, नंबर. ग्रुपमधे सगळ्यांचे फोन नंबर सगळ्यांना दिसतात. मुलींच्या पालकांना याची काळजी वाटते आणि ती रास्त आहे. शिवाय व्हॉट्सअॅप वापरायला किमान वय १३ आहे, त्यामुळे लहान वर्गात नंबर पालकांचाच असायला हवा. मी एक नियम पहिल्या दिवसापासून ठेवला की कुठल्याही मुलाशी एकट्याने चालणारं बोलणं त्याच्या घरातल्या एका मोठ्या माणसाला माहीत असलं पाहिजे. यात मुलांचं पण संरक्षण आहे आणि शिक्षकाचं पण. पण घरातलं माणूसच त्रास देत असेल तर हा नियम तिथेच मोडतो, तेव्हा शाळेतल्या दुसऱ्या जबाबदार व्यक्तीला सोबत घ्यायचं. गुपित ठेवायचं वचन मात्र कधीच द्यायचं नाही.

तिसरा, अफवा. त्या काळात "एका मोठ्या डॉक्टरांचा आवाज" म्हणून फिरणाऱ्या ऑडिओ क्लिप प्रत्येक ग्रुपवर होत्या, आणि आवाजावर माणूस लिहिलेल्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतो, जी आपली ताकद तीच त्यांची पण. व्हॉट्सअॅपने एप्रिल २०२० मधे खूप वेळा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटमधे पाठवता येईल असं केलं आणि नंतर कंपनीने सांगितलं की असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाले. त्याआधी मार्चमधेच जागतिक आरोग्य संघटनेने व्हॉट्सअॅपवर स्वतःची माहिती सेवा सुरू केली होती, आम्ही वर्गात तिचा चक्क तास घेतला, आलेली क्लिप, त्यातला दावा आणि तिथली माहिती शेजारी-शेजारी ठेवून. दोन बाणांचं चिन्ह म्हणजे बऱ्याच वेळा फॉरवर्ड झालंय, हे ओळखायला पोरं पटकन शिकली आणि मग घरी मोठ्यांना टोकायला लागली. फॉरवर्ड केलेला ऑडिओ वर्गाच्या ग्रुपवर चालणार नाही, स्वतःच्या आवाजातलाच चालेल, एवढा एक नियम केला तरी निम्मा त्रास जातो.

चौथा, शिक्षकाची रात्र. मेसेज कधीही येतात आणि आवाज असल्यामुळे ते दुर्लक्ष करवत नाहीत. मी ग्रुप म्यूट करून ठरलेल्या वेळेलाच ऐकायचे आणि मुलांना सांगून ठेवलं होतं की अगदी तातडीचं असेल तर मेसेज नको, सरळ कॉल करा. आमच्यातल्या ज्या शिक्षकांनी अशी वेळ आखली नाही ते थकून गेले. आम्ही शिक्षकांचा पण एक वेगळा छोटा ग्रुप केला होता, त्यात एकच काम, दिवसातून एकदा एक मिनिट बोलायचं, अभ्यासक्रमाबद्दल एक शब्द नाही. हा ग्रुप नसता तर मी मुलांचं एवढं ऐकू शकले नसते, हे मी नक्की सांगते.

आणि छोट्या तक्रारी, तेव्हा मेसेज जलद ऐकायची सोय नव्हती, ती २०२१ मधे आली, रेकॉर्डिंग मधे थांबवून पुढे सुरू करणं २०२२ मधे आलं. आता दोन्ही आहे. वर सरकवून लॉक करता येतं हे बऱ्याच शिक्षकांना अजून माहीत नसतं आणि ते अंगठा दुखेपर्यंत बटण दाबून बसतात. मेसेजवर बोट दाबून धरून माहितीत गेलं की कोणी ऐकला आणि कोणी नाही याची यादी दिसते, ती हजेरी म्हणून वापरू नका, पण सलग काही दिवस एखादं नाव ऐकलेल्यांमधे आलं नाही तर फोन लावा.

काहीजण म्हणतात की नुसत्या आवाजाने शिक्षण होत नाही. शिकागोमधे १९३७ साली पोलिओच्या साथीमुळे शाळा उशिरा उघडल्या तेव्हा तिसरी ते आठवीच्या तीन लाखांपेक्षा जास्त मुलांना रेडिओवरून पंधरा-पंधरा मिनिटांचे धडे दिले होते, वर्तमानपत्रं वेळापत्रक आणि प्रश्न छापायची, आणि शंका विचारायला फोनवर शिक्षक बसवले होते, तर इतके फोन आले की शिक्षक वाढवावे लागले. काही मुलांची तक्रार होती की रेडिओवर फार भरभर शिकवतात. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमधे इबोलाच्या साथीमुळे शाळा बंद होत्या, एप्रिल २०१५ मधे उघडेपर्यंत तिथेही रेडिओचाच आधार होता. म्हणजे आवाजाने काम होतं हे नवीन नाही, पण रेडिओला मूल उलटून बोलू शकत नाही आणि मागे पण नेऊ शकत नाही. ते दोन्ही इथे होतं. आकृत्या, प्रयोग, गणिताच्या पायऱ्या याला मात्र फोटो लागतोच, नुसत्या आवाजावर भूमिती शिकवायला जाऊ नका, आणि गृहपाठ गोळा करायला गूगल क्लासरूमच बरं, ग्रुपवर चाळीस वह्यांचे फोटो आले की काहीच सापडत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी. तेरा वर्षांच्या पुढच्या वर्गांना डोळे झाकून सांगेन, लहान वर्गांना पालकांच्या फोनवरून. आणि सेट करायचं असेल तर साथीची वाट बघू नका, वर्ष सुरू होतानाच करा, प्रत्येक मुलाला एकदा स्वतःचं नाव आणि एक वाक्य बोलून पाठवायला सांगा, कोणाचा फोन कोणाच्या हातात कधी असतो ते लिहून घ्या, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही त्यांच्यासाठी साध्या फोनचे नंबर कागदावर वेगळे ठेवा, प्रत्येकाला वर्गातला एक जोडीदार ठरवून द्या जो त्याला कॉल करून ग्रुपवरचं सांगेल.